संग्रहालय हेही चवदार तळेच : स्मारकाचा आराखडा कोण ठरवणार?

इंदू मिलमधल्या पुतळ्याची उंची किती, असे आपल्यातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा. तो झोपेतूनही सांगेल : पुतळा ३५० फूट, चौथरा १०० फूट, एकूण ४५० फूट. पुतळा आधी २५० फुटांचा ठरला होता, २०२० च्या जानेवारीत उंची वाढवण्याचा निर्णय झाला, हेही तो सांगेल. आता त्याच कार्यकर्त्याला दुसरा प्रश्न विचारा. त्या साडेबारा एकरांत जे संग्रहालय व्हायचे आहे, त्यात काय मांडले जाणार? महाडचा सत्याग्रह किती जागेत आणि कुणाच्या नजरेतून सांगितला जाणार? नामांतराच्या लढ्यात ज्यांची घरे जळाली त्यांना तिथे एखादी भिंत मिळणार की नाही? हे कोण ठरवते आहे? इथे बहुतेक जण गप्प होतात. आम्हीही गप्प झालो होतो. त्या गप्प होण्यातूनच हा लेख लिहिला आहे.

इंदू मिलची जमीन सरकारने आपणहून दिलेली नाही. वर्षानुवर्षे मागणी झाली, मोर्चे निघाले आणि ६ डिसेंबर २०११ रोजी आनंदराज आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन सेनेचे कार्यकर्ते थेट मिलमध्ये घुसले. त्यानंतर वर्षभराने, २०१२ च्या डिसेंबरात, केंद्राला जमीन स्मारकासाठी देण्याची घोषणा करावी लागली. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. म्हणजे जमीन लोकांनी मिळवली. पण जमीन मिळाल्यानंतरचे सगळे प्रश्न, म्हणजे आराखडा, दालने, मांडणी, मजकूर, हे 'तांत्रिक' ठरले आणि आपण ते तज्ज्ञांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि मंत्र्यांच्या हाती सोडून दिले. आपल्यापुरता वाद उरला तो फुटांचा. आमचे म्हणणे असे आहे की ही चूक किरकोळ नाही. ज्या समाजाचा इतिहास आजवर दुसऱ्यांनी लिहिला, त्या समाजाने आपले संग्रहालयही दुसऱ्यांना रचू देणे म्हणजे जिंकलेली लढाई टेबलावर हरणे होय.

'सार्वजनिक' या शब्दाची किंमत

सार्वजनिक म्हणजे काय, हे या देशाला आपण शिकवले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला : सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळे झाले होते, तरी तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत गेली, त्यांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा कुठे तो कागदी हक्क जिवंत झाला. नंतर त्यासाठी डोकी फुटली, न्यायालयात खटला चालला, तो १९३७ पर्यंत उच्च न्यायालयात लढवला गेला.

या इतिहासातून आम्ही एक नियम काढतो. एखादी गोष्ट जनतेच्या पैशाने उभी राहिली, तिचे दार सर्वांना उघडे ठेवले, एवढ्याने ती सार्वजनिक होत नाही. तिच्यावर हक्क सांगणारी माणसे तिथे प्रत्यक्ष पोहोचली आणि तिचे काय करायचे हे ठरवू लागली, की ती सार्वजनिक होते. संग्रहालयाला हाच नियम लावा. तिकीट काढून आत जाता येते, म्हणून संग्रहालय आपले झाले का? तिथे काय ठेवायचे, काय वगळायचे, कुणाचे नाव लिहायचे आणि कुणाला 'जमाव' म्हणून सोडून द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, यावर ते अवलंबून आहे.

आम्ही एकदा वस्तीतल्या मुलामुलींना घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो. महाडच्या सत्याग्रहाचे मोठे चित्र होते. बाबासाहेब पुढे, मागे शेकडो माणसे. खाली दोन ओळी : सत्याग्रह कधी झाला, कुणी केला. एका मुलीने विचारले, मागची माणसे कोण आहेत? त्यांची नावे? दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याला ते सांगता आले नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. कोकणातल्या कितीतरी घरांत, आपला आजा महाडला गेला होता, ही गोष्ट अजून सांगितली जाते. ती घरे आणि ते चित्र यांची कधी गाठच पडली नाही.

आपण संग्रहालयात आधीपासून होतो, पण कसे?

भारतातले पहिले संग्रहालय १८१४ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने सुरू झाले. मुंबईचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडले. ही वसाहतीच्या काळातली संग्रहालये होती. राज्य करायचे तर प्रजेची मोजदाद हवी, वर्गवारी हवी. दगड, पक्षी, धान्ये यांच्याप्रमाणेच जातीही मांडल्या गेल्या. कुणाचे पागोटे कसे, कुणाचा धंदा कोणता, हे दाखवणाऱ्या मातीच्या मूर्ती कपाटात बसवल्या गेल्या. कष्टकरी जाती संग्रहालयात आल्या त्या अशा, नमुना म्हणून. त्यांना चेहरा होता, नाव नव्हते आणि म्हणणे तर अजिबात नव्हते.

स्वातंत्र्यानंतर कपाटांवरचे इंग्रज गेले, पण रचना फारशी बदलली नाही. राजांच्या तलवारी, सरदारांचे दागिने, देवळांतले दगड हा 'वारसा' ठरला. ज्याच्याकडे वस्तू होत्या त्याचा इतिहास मांडला गेला. ज्याला हजारो वर्षे वस्तू बाळगूच दिल्या नाहीत, सोने घालू दिले नाही, पक्के घर बांधू दिले नाही, त्याने दालनात काय ठेवावे? हा प्रश्न जगात फक्त आपल्यापुढे आलेला नाही. अमेरिकेतल्या काळ्यांपुढे आला, दक्षिण आफ्रिकेतल्या उठवल्या गेलेल्या वस्त्यांपुढे आला. त्यांनी काढलेली उत्तरे आपण नीट समजून घेतली पाहिजेत. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव घेतले. तेव्हा या लढ्यांशी आपले नाते जुनेच आहे.

ॲनाकोस्टिया : उंदरांचे प्रदर्शन

वॉशिंग्टन शहरात स्मिथसोनियन ही अमेरिकेची सर्वांत मोठी संग्रहालय संस्था आहे. तिची भव्य दालने शहराच्या मध्यावर. नदीपलीकडे ॲनाकोस्टिया ही गरीब, बहुसंख्य काळ्या लोकांची वस्ती. तिथली माणसे या दालनांकडे फिरकत नसत. १९६० च्या दशकात स्मिथसोनियनच्या प्रमुखांना वाटले की लोक संग्रहालयाकडे येत नसतील तर संग्रहालयाने लोकांकडे जावे. त्यांची मूळ कल्पना साधी होती. मोठ्या संग्रहालयातल्या काही वस्तू वस्तीत नेऊन ठेवायच्या. आपल्याकडच्या भाषेत, 'तळागाळापर्यंत' पोहोचवायच्या.

पण वस्तीतल्या लोकांनी ही योजना स्वतःची करून टाकली. बंद पडलेले कार्व्हर थिएटर घेतले, स्थानिकांची समिती बसली, १५ सप्टेंबर १९६७ रोजी संग्रहालय उघडले. संचालक नेमला तो जॉन किनार्ड. हा तिशीतला तरुण धर्मोपदेशक होता, वस्तीत काम करणारा कार्यकर्ता होता. संग्रहालयशास्त्राचे शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. सुरुवातीला अंतराळयानाची कुपी होती, जुन्या काळचे किराणा दुकान होते, छोटे प्राणिसंग्रहालयही होते. मुले खूश होती. पण लोकांशी बोलता बोलता दुसरेच विषय वर आले. वस्तीतल्या मुलांच्या बोलण्यात सतत उंदीर यायचे. घरात उंदीर, गल्लीत उंदीर, झोपेत चावणारे उंदीर.

१९६९ साली या संग्रहालयाने उंदरांवर प्रदर्शन भरवले. खरे जिवंत उंदीर त्यात ठेवले. उंदीर कुठून येतो, कशावर जगतो, कोणते रोग पसरवतो, त्याला कसे आवरायचे, हे सगळे मांडले. प्रदर्शनाच्या नावाचा आशय असा होता की ही माणसाने स्वतःच बोलावून घेतलेली पीडा आहे. म्हणजे उंदीर निसर्गाने पाठवलेला नाही. सडणारी घरे, न उचललेला कचरा आणि वस्तीकडे पाठ फिरवणारी नगरपालिका यांनी तो पाठवला आहे. पुढे अमली पदार्थ, गुन्हेगारी, शहराबाहेरचा तुरुंग असे विषय त्या भिंतींवर आले.

विचार करा. कुठल्या तज्ज्ञ समितीने 'उंदीर' हा विषय सुचवला असता? संगमरवरी दालनात बसून तो सुचतच नाही. ज्याच्या लेकराला उंदीर चावतो त्याला तो सुचतो. 'लोकसहभाग' या शब्दाचा खरा अर्थ हा आहे. विषय निवडण्याचा अधिकार लोकांकडे गेला की संग्रहालयात काय दिसते तेच बदलते. आणि एकदा विषय बदलला की 'वारसा' या शब्दाचा अर्थ बदलतो.

याच देशातली दुसरी गोष्ट आपल्या तरुणांना धीर देणारी आहे. काळ्या सैनिकांनी आणि नागरिकांनी १९१५ पासून राष्ट्रीय स्मारकाची मागणी लावून धरली. काँग्रेस सदस्य जॉन लुईस १९८८ पासून विधेयक मांडत राहिले, ते २००३ साली कायदा झाले, आणि आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय २०१६ साली उघडले. शंभर वर्षे लागली. पण इमारत उभी राहण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. २००८ पासून संग्रहालयाचे लोक शहराशहरांत गेले. घरातली जुनी वस्तू घेऊन या, असे त्यांनी लोकांना सांगितले. आजीची शाल, जुने फोटो, पत्रे, बिल्ले. तज्ज्ञ ती वस्तू पाहत, तिचे महत्त्व सांगत, ती घरी कशी जपायची हे शिकवत. वस्तू संग्रहालयाला द्यायलाच हवी अशी सक्ती नव्हती. या मोहिमेतून एक गोष्ट सिद्ध झाली : आमच्याकडे काही नाही, असे वाटणाऱ्या समाजाच्या पेट्यांत इतिहास भरलेला होता.

डिस्ट्रिक्ट सिक्स : पाट्या परत आल्या

केपटाउन शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स ही गोदी कामगार, कारागीर, शिंपी, संगीतकार यांची मिश्र वस्ती होती. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वंशद्वेषी सरकारने ती 'फक्त गोऱ्यांसाठी' घोषित केली. पुढच्या वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसे उचलून शहराबाहेरच्या ओसाड पट्ट्यात फेकली गेली. बुलडोझरने घरे पाडली, रस्ते पुसले. देवळे-मशिदी-चर्च तेवढी उरली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे नवे बांधकाम करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मूळ रहिवासी 'डिस्ट्रिक्ट सिक्सला हात लावू नका' म्हणत उभे राहिले. या लढ्यातूनच संग्रहालयाची कल्पना निघाली आणि १० डिसेंबर १९९४ रोजी एका जुन्या चर्चमध्ये पहिले प्रदर्शन उघडले. त्यात मुख्य वस्तू होत्या रस्त्यांच्या नावांच्या निळ्या पाट्या. वस्ती पाडणाऱ्या कामावरच्या एका माणसाने त्या फेकून न देता घरात लपवून ठेवल्या होत्या. त्याने त्या परत दिल्या आणि पाट्या भिंतीवर टांगल्या गेल्या. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला गेला. उठवलेली माणसे येऊ लागली, नकाशावर आपले घर शोधू लागली, तिथे आपले नाव लिहू लागली. बाजूला लांबलचक कापड होते. त्यावर लोक काहीबाही लिहीत, मग ते शब्द धाग्याने शिवले जात. प्रदर्शन थोड्या दिवसांसाठी भरवले होते. लोक येतच राहिले, म्हणून ते बंद करता आले नाही.

इथे प्रेक्षक आणि इतिहासकार वेगळे राहिले नाहीत. संग्रहालय बघायला आलेला माणूसच त्यात भर घालून गेला. आणि आणखी महत्त्वाचे म्हणजे हा नकाशा केवळ आठवणींचा नव्हता. कोण कुठे राहत होते याची ती नोंद होती, जमीन परत मागणाऱ्यांची ती बाजू होती. २००४ साली परतलेल्या पहिल्या रहिवाशांना नेल्सन मंडेलांच्या हस्ते घराच्या किल्ल्या मिळाल्या. हजारो कुटुंबे पुढेही वाट पाहत राहिली, हे खरे. पण संग्रहालय लढ्याच्या शेवटी बांधायची समाधी नसून लढ्याचे ठाणे असू शकते, हे डिस्ट्रिक्ट सिक्सने दाखवले.

हे वाचताना मुंबईकरांना काही आठवत नाही का? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी. १९२० च्या दशकातल्या २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. या खोल्यांत गिरणी कामगार राहिला, समता सैनिक दल उभे राहिले, जलसे झाले, पँथर वाढली, १९७४ च्या वरळीच्या दंगलीत भागवत जाधव शहीद झाले. आता पुनर्विकासात या चाळी जात आहेत. माणसांना मोठे घर मिळते आहे, ते मिळायलाच हवे. १६० फुटांच्या दारिद्र्याचे आम्हाला कौतुक नाही. पण चाळीच्या दारावरची पाटी, जिन्याखालच्या वाचनालयाची वही, जयंती मंडळाचा जमाखर्च हे सगळे भंगारात जाते आहे. ते घरात लपवून ठेवणारा माणूस आपल्यात कोण आहे?

सहभागाची शिडी आणि जिना नसलेला मनोरा

१९६९ साली शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एक लेख लिहिला. नगरनियोजनात नागरिकांच्या सहभागाच्या नावाखाली काय काय चालते ते पाहून त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच. लोकांना गुंडाळणे आणि त्यांची समजूत घालणे एवढेच असते. मधल्या तीन पायऱ्या देखाव्याच्या : माहिती देणे, मत विचारणे, एखाद-दुसऱ्याला समितीत बसवून शांत करणे. वरच्या तीन पायऱ्यांवर खरी सत्ता येते : भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि नागरिकांचे नियंत्रण.

ही शिडी घेऊन आपल्याकडची स्मारके तपासा. बहुतेक ठिकाणी आपण तिसऱ्या ते पाचव्या पायरीवर अडकलेलो दिसतो. भूमिपूजनाला बोलावले जाते. प्रतिकृती दाखवली जाते. समितीत समाजाचा एखादा नेता बसवला जातो, आणि तो बसला म्हणजे समाज बसला असे मानले जाते. बाबासाहेबांनी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात, ३१ जानेवारी १९२० रोजी, हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्मला त्याच मजल्यावर मरायचे. आपल्या स्मारकांचे नियोजनही तसेच झाले आहे. निर्णयाचा मजला वर, गर्दीचा मजला खाली आणि मधे जिना नाही.

एका नेत्याला बसवून भागत नाही, हेही बाबासाहेबांनीच सांगितले आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांचा मुद्दा हाच होता : लोकांच्या मताचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, त्या समाजातल्या माणसांचे प्रत्यक्ष प्रतिनिधित्व हवे. तो युक्तिवाद कायदेमंडळापुरता नव्हता. जिथे जिथे आपल्याबद्दल निर्णय होतो तिथे तिथे तो लागू आहे.

लंडनच्या घराचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. १० किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर घ्यावे, ही मागणी ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी लावून धरली. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेतले. घराचे संग्रहालय करायला शेजाऱ्यांनी हरकत घेतली, २०१८ साली कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. मग २०१९ साली जाहीर चौकशी झाली. विरोधकांनी बाजू मांडली, आपल्या लोकांनीही बाजू मांडली, आणि मार्च २०२० मध्ये संग्रहालयाच्या बाजूने निकाल लागला. त्या शेजाऱ्यांचा आम्हाला राग आला होता. पण थंड डोक्याने पाहिले तर तिथे घराचे संग्रहालय करायचे म्हटल्यावर शेजारच्या माणसालाही बोलायचा हक्क होता, आणि म्हणूनच आपल्यालाही होता. आपली माणसे पुरावे घेऊन उभी राहिली आणि जिंकली. इथे, जिथे लाखो आंबेडकरी राहतात, तिथे आपण अशी खुली सुनावणी का मागत नाही?

आपल्याकडे ही परंपरा आहे

कुणी म्हणेल, ही परदेशी थेरे आपल्याला कशाला. उत्तर असे की आपण हे आधीच केले आहे, फक्त त्याला संग्रहालयशास्त्र म्हटले नाही. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आयोजनात पुढे असलेले वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र, रोजच्या वापरातल्या वस्तू जपल्या. त्या नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आहेत. हे एखाद्या सरकारी खात्याने केलेले नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. तसे झाले नसते तर त्या बाया त्या चित्रातल्या 'मागच्या माणसां'सारख्याच हरवल्या असत्या. आणि दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जे उभे राहते ते काय आहे? पुस्तके, कॅलेंडरे, गाणी, मूर्ती, वैचारिक भांडणे. पोटाला चिमटा काढून आलेला माणूस जाताना पुस्तक घेऊन जातो. लोकांनी लोकांसाठी रचलेले हे जगातले एक मोठे फिरते संग्रहालय आहे.

पण आपलीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. आंबेडकरी चळवळीची एक जिवंत वास्तू काही तासांत ढिगारा झाली. पाडावे की राखावे हे समाजाला विचारले गेले नाही. लोक रस्त्यावर उतरले ते नंतर, जुलैच्या मोर्चात. आपला वारसा कोण राखतो आणि कोण मोडू शकतो, हा प्रश्न फक्त सरकारला विचारायचा नसतो. आपल्या संस्था-ट्रस्टांनाही तोच विचारायचा असतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : संग्रहालय हे तज्ज्ञांचे काम आहे, लोकांना त्यातले काय कळते? कापडाला कसर लागू नये म्हणून काय करायचे, कागद किती उजेडात ठेवायचा, हे तज्ज्ञालाच कळते. त्याचा मान आम्ही ठेवतो. पण कोणते कापड जपायचे हे ठरवताना ते कापड नेसणारीला विचारावे लागते. तज्ज्ञाचे ज्ञान 'कसे' यासाठी आहे. 'काय' आणि 'का' यावर त्याची मक्तेदारी नाही. आता तर आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनेही २०२२ साली प्रागमध्ये संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली तिच्यात समुदायांच्या सहभागाचा उल्लेख आहे. म्हणजे आपण काही जगावेगळे मागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आपणच आपल्याला घ्यायला हवा. 'समाज' म्हणजे कोण? डिस्ट्रिक्ट सिक्समधून आफ्रिकन लोकांना १९०१ सालीच प्लेगचे निमित्त करून हाकलले होते. नंतरच्या उठवणुकीची गोष्ट सांगताना ही आधीची गोष्ट झाकली जाण्याचा धोका होता. आपल्याकडे आंबेडकरी स्मारकात बायका किती दिसतात? मातंग, चर्मकार, ढोर, मेहतर, भटक्या जमाती किती दिसतात? चळवळीत त्या होत्या. दालनातून त्या गळाल्या तर आपणही तेच केले जे आपल्याशी केले गेले. सहभाग म्हणजे समाजातल्या वजनदारांचा सहभाग नव्हे. वजनदारांना कुणीतरी विचारतच असते.

मग करायचे काय?

मागण्या नेमक्या हव्यात. आमच्या मते त्या अशा असाव्यात :

पहिली : कोणत्याही आंबेडकरी स्मारकातील संग्रहालयाचा आराखडा आणि मांडणीचा मजकूर मराठीत, सोप्या भाषेत, वस्त्यांमध्ये लावला जावा, त्यावर खुल्या सुनावण्या व्हाव्यात आणि कोणती सूचना का स्वीकारली, का नाकारली याचे लेखी उत्तर मिळावे.

दुसरी : समितीत नेत्यांबरोबर चळवळीतल्या ज्येष्ठ बाया, शाहीर, सफाई कामगार, विद्यार्थी, ग्रंथपाल यांना मताधिकारासह जागा असावी.

तिसरी : इमारतीच्या खर्चातला ठरावीक वाटा वस्तूसंकलन, मुलाखती, जतन आणि पुढची वर्षे संग्रहालय चालवण्यासाठी राखला जावा.

चौथी : जतनकार, संशोधक, मार्गदर्शक म्हणून आपल्या मुलामुलींना प्रशिक्षण आणि पगारी नोकरी मिळावी. आपल्या इतिहासाच्या दारात आपण फक्त सुरक्षारक्षक म्हणून उभे राहायचे नाही.

माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. आराखडा, करार, समितीचे इतिवृत्त मागा. नगरनियोजनाच्या कायद्यात 'हरकती व सूचना' ही तरतूद आहे. मुंबईचा विकास आराखड्याचा मसुदा २०१५ साली लोकांच्या हरकतींच्या रेट्यामुळेच मागे घ्यावा लागला होता. त्या वाटेने आपणही जाऊ शकतो.

पण सरकारची वाट पाहत थांबू नका. या रविवारीच सुरुवात करता येते. बुद्धविहारात एक टेबल मांडा. लोकांना सांगा, घरातली चळवळीची वस्तू घेऊन या : जयंतीची पावती, जलशाची वही, नामांतराच्या लाँग मार्चचा बिल्ला, तुरुंगातून आलेले पत्र, दीक्षेच्या दिवशी नेसलेले पांढरे लुगडे. मोबाइलवर फोटो काढा. कुणाची, कधीची, कुणी सांगितली ते वहीत लिहा. वस्तू मालकाकडेच राहू द्या, ती जपायची कशी ते सांगा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाची तासभर मुलाखत घ्या, बायांची आधी. उद्या कुठलीही समिती आराखडा घेऊन आली तर तुमच्यापुढे रिकामे हात नसतील, ही वही असेल. वही असणाऱ्याला टाळणे कठीण जाते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका बजावून सांगितला होता. ४५० फुटांकडे मान वर करून पाहणाऱ्या समाजाला ते भाषण पुन्हा पुन्हा वाचावे लागेल. पुतळ्याला आमचा विरोध नाही. ज्यांना रस्त्याने ताठ चालू दिले नाही त्यांचा नायक आभाळाएवढा उभा राहावा, ही इच्छा आम्हालाही कळते. पण पुतळा बाबासाहेबांचे रूप दाखवतो. त्यांच्या मागे तळ्यापर्यंत चालत गेलेल्या माणसांची नावे फक्त संग्रहालय सांगू शकते, आणि तीही आपण सांगितली तरच.

१९२४ चा ठराव कागदावर होता. १९२७ साली माणसे चालत गेली. स्मारकांच्या बाबतीत आपण अजून १९२४ मध्येच आहोत. चालायला सुरुवात करू या.

जय भीम!